टेपचं दुसरं टोक

सासरे गेल्यानंतर आमच्या सासूबाईंना नीट बसलेलं मी पाहिलं नव्हतं. जेवायलासुद्धा त्या खुर्चीच्या कडेवर टेकायच्या, मागून कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशा. सकाळी कांदे आणायला एक फेरी, काडेपेटीला दुसरी आणि कांदे किडके निघाले म्हणून भांडायला तिसरी. एका पिशवीत तीन वस्तू मावतात हे त्यांना मी कितीदा सांगितलं. त्या "हो गं" म्हणायच्या आणि चपला घालायच्या.

याचं कारण मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसायचे. म्हणजे बसायचे असं मला वाटतं. माझा नवरा वेगळं सांगेल. सासरे मागच्या खोलीत बरेच महिने अंथरुणाला खिळून होते आणि त्या सगळ्या काळात सासूबाई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होत्या. आम्ही म्हणायचो, जरा बाहेर जाऊन या, पाय मोकळे करा. त्या हलायच्या नाहीत. सासऱ्यांनी डोळे उघडले की समोर त्या दिसायला हव्यात, एवढाच त्यांचा हट्ट होता. बसून बसून त्यांच्या वाटणीचं बसणंच बहुधा संपलं. सासरे गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी त्या खोलीला कुलूप लावून किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

आता घर केवढं? पुढची खोली, आमची खोली, स्वयंपाकघर आणि ही मागची. मी घरी शिकवण्या घेते. जेवणाच्या टेबलाभोवती पोरं दाटीवाटीनं बसतात, भाजीच्या पातेल्याशेजारी भूमिती चालते आणि कोणाच्या तरी वहीला तेलाचा डाग पडतोच. आणि तिथून चार पावलांवर एक अख्खी खोली कुलपात. मला राग यायचा. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही आणि सासूबाईंवर रागावलं की त्या बाजारात निघून जायच्या, त्यामुळे तो सगळा राग पोरांच्या पाढ्यांवर निघायचा.

सासूबाईंनी शिवणाचा क्लास लावला आणि सोडला. गाण्याचा लावला, सोडला. सकाळच्या फिरायच्या गटात गेल्या, तर त्या गटालाच धाप लागली. शेवटी माझ्या नवऱ्यानं आणि नणंदेनं फोनवर आपसात ठरवून टाकलं की आईला नणंदेकडे न्यायचं. तिच्या घरी गॅलरीला लागून खोली आहे, तिथे आईनं आराम करायचा. नणंदेनं तर आरामखुर्चीसुद्धा घेऊन ठेवली. त्या खुर्चीबद्दल नुसतं ऐकूनच सासूबाईंचा चेहरा उतरला.

नेमक्या त्याच आठवड्यात त्या एक कागद घेऊन आल्या. गावातल्या जुन्या इमारती पडण्याआधी त्यांची मापं घेऊन नकाशे करून ठेवणारी कुठलीशी संस्था होती. त्यांना शिकाऊ माणसं हवी होती आणि शिकून जी तयार होतील त्यांना ते टीममध्ये घेणार होते. वयाची अट नव्हती. अट घालायचं त्यांच्या डोक्यात आलं नसावं, कारण साठी ओलांडलेली बाई शिडीवर चढेल असं कोणाला वाटेल?

नवरा म्हणाला, "आई, हे शेवटचं. हेही सुटलं तर ताईकडे जायचं. कबूल?"

"कबूल," सासूबाई म्हणाल्या. तेव्हाही त्या उभ्याच होत्या.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहूनही लहान. सरळ उभ्या राहायच्या, कमी बोलायच्या, म्हणून सासूबाईंनी त्यांचं नाव ठेवलं ओळंबा. भिंत सरळ आहे की कललेली हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना एका जुन्या दवाखान्यासमोर उभं केलं आणि हातातली टेप काढून घेतली. आधी नुसतं बघा, म्हणाल्या, आणि दिसतं तसं कागदावर काढा. सासूबाईंनी भराभर इमारत काढली. खाली चार खिडक्या, वर चार. मॅडमनी कागद पाहिला आणि वरच्या खिडक्या पुन्हा मोजायला सांगितल्या. त्या पाच निघाल्या. घरी आल्यावर सासूबाई हे मला सांगताना हसत होत्या, पण त्यांना लागलं होतं.

मग त्या नादाला लागल्या. एका भिंतीवर दार, खिडकी, कोनाडा असं ओळीनं असेल, तर टेप एकदाच भिंतीच्या टोकाशी धरायची आणि न हलवता एकेक आकडा वाचत जायचं. तुकड्या-तुकड्यानं मोजलं तर प्रत्येक तुकड्यात थोडी चूक होते आणि शेवटी भिंत भलतीच लांब निघते. आकडा सोयीचा करायचा नाही. आणि प्रत्येक खोलीत चार बाजू मोजून झाल्या तरी कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, तिरकी, टेप धरायची. दोन्ही कर्ण घ्यायचे. चारी बाजू बरोबर आल्या तरी खोली कुठे कलली आहे ते कर्णाशिवाय कळत नाही. हे मी पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले आहे, पण त्यासाठी कोणी मला सोफ्यामागे सरपटायला लावलं नव्हतं.

सासूबाईंनी लावलं. त्यांना सरावासाठी घर मोजायचं होतं आणि टेपला दोन टोकं असतात. एका टोकाला त्या, दुसऱ्याला मी. कुकरची शिट्टी होते आहे, पोरं दारात उभी आहेत आणि मी कपाटामागे हात घालून ओरडते आहे, "लागलं टोक कोपऱ्याला, वाचा आता." त्या निवांत चष्मा पुसून वाचायच्या. टेप सैल पडली की म्हणायच्या, ताण, तिचं पोट सुटलंय. माझ्या पोटाबद्दल बोलताहेत की काय असं मला दोनदा वाटलं.

घराचा नकाशा झाला आणि फ्रिजवर लागला. छान होता. स्वयंपाकघर, त्यातला ओटा, मोरी, दारं कुठल्या बाजूला उघडतात तेसुद्धा. मागच्या खोलीच्या जागी मात्र कोरा कागद होता. ना रेघ, ना नाव. रोज दूध काढताना मला ती कोरी जागा दिसायची.

मग जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं काम आलं. ती इमारत पाडायचं ठरलं होतं आणि त्याआधी तिचा नकाशा करायचा होता. सासूबाई लग्नाआधीपासून रिटायर होईपर्यंत तिथेच ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, एका वायरीनं या माणसाला त्या माणसाशी जोडायचं. सासरे त्यांना पहिल्यांदा भेटले ते तिथेच, म्हणजे आवाजानं. ते एका वखारीत कारकून होते आणि दिवसातून दहादा नंबर मागायचे. वखारीला एवढे फोन लागत नाहीत, हे सासूबाईंच्या फार उशिरा लक्षात आलं.

मॅडमनी प्रत्येकाला इमारतीचा एकेक भाग वाटून दिला. हाच नकाशा बघून कोणाला टीममध्ये घ्यायचं ते ठरणार होतं. सासूबाईंनी ऑपरेटरांचा हॉल मागून घेतला. त्या दिवसांत घरात त्या जास्तच येरझारा घालायच्या. रात्रीचं जेवण वाढता वाढता मध्येच थांबून हवेत बोटानं रेघ काढायच्या. नणंदेचा फोन आला की मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, माझं काम चाललंय, मग बोलते. आणि खरंच, त्यांच्या नकाशाची शीट सगळ्यांच्या आधी पूर्ण झाली.

त्यानंतर दोनच दिवसांनी त्या संध्याकाळी घरी आल्या आणि चपला न काढता स्वयंपाकघरात फेऱ्या मारू लागल्या. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. मी गॅस बंद केला. तेव्हा कुठे बोलल्या.

सगळ्यांच्या शीट एकत्र जोडायला घेतल्या तेव्हा बाकीचं सगळं एकमेकांत बसलं, त्यांचा हॉल मात्र बसेना. एका बाजूला शेजारचा बोळ हॉलच्या भिंतीत घुसत होता, तर दुसऱ्या बाजूला फट राहत होती. मॅडमनी सगळ्यांची मापं तपासली आणि शेवटी सासूबाईंना जवळ बोलावून विचारलं की हॉलचे कर्ण खरंच टेप धरून घेतले का. सासूबाईंनी ते घेतलेच नव्हते. हॉलच्या मधोमध जुन्या बोर्डांचे सांगाडे रचून ठेवले होते, टेप आरपार जात नव्हती. ढीग हलवायला माणसं बोलवावी लागली असती. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या होत्या. मग यांनी कोपरे काटकोनात आहेत असं धरलं, गणित करून कर्ण काढला आणि मापाच्या जागी लिहून टाकला. दोन्ही कर्णांना तोच एक आकडा.

माझा विश्वासच बसेना. "अहो, पण का? मला सोफ्यामागे घातलंत आणि तिथे नाही घेतलं?"

"ती खोली मला पाठ होती गं," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून काढली असती."

मॅडम रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "काकू, चुकलेलं माप मी दुरुस्त करीन. न घेतलेलं माप कसं दुरुस्त करू? आता मला तुमच्या सगळ्याच आकड्यांकडे बघावं लागेल." इमारतीची किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळी पाडणाऱ्या कंत्राटदाराकडे जाणार होती. त्याआधी कर्ण घेऊन आलात तर शीटवर तुमचं नाव राहील, नाहीतर हॉलची जागा तशीच सोडावी लागेल, आणि टीमचंही मग कठीण आहे, असं त्यांनी सांगितलं. बाकी सगळे दुसऱ्या कामावर जाणार होते. सोबत माणूस देता येणार नव्हता.

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. ओट्यावरचं फडकं घडी करत होत्या, उलगडत होत्या, परत घडी करत होत्या.

मी काय विचार केला ते सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सकाळी माझी शिकवणी होती. मी नाही म्हटलं असतं तर कोणी मला बोल लावला नसता. सासूबाई नणंदेकडे गेल्या असत्या, किल्ली ठेवून गेल्या असत्या, आणि महिनाभरात मागच्या खोलीत माझा फळा लागला असता. हे सगळं मला त्या क्षणात दिसलं, फळ्याच्या चौकटीच्या रंगासकट. आणि त्याच वेळी ती आरामखुर्चीही दिसली, गॅलरीतली, आणि तिच्यात कडेवर टेकून बसलेली ही बाई.

"किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

एक्स्चेंज बाहेरून मी शेकडो वेळा पाहिलं होतं. आत उंच छत, कबुतरांची घाण, आणि उन्हाच्या पट्ट्यांत नुसती धूळ. सांगाड्यांचा ढीग हॉलच्या मधोमध होताच. आम्ही दोघी तो ओढायला लागलो. लोखंडी होते, जड होते. फरशीवर घासताना असा आवाज व्हायचा की दात शिवशिवायचे. दोन ओढले आणि माझी कंबर धरली. सासूबाई थांबायला तयार नव्हत्या. कंत्राटदाराचा माणूस किल्ली घ्यायला दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंनी त्याला वेळ विचारली, मग त्यालाच सांगाड्याचं एक टोक धरायला सांगितलं. त्यानं धरलं. का धरलं ते त्यालाही कळलं नसेल.

वाट मोकळी झाली. मी एका कोपऱ्यात गुडघे टेकले आणि टेपचं टोक भिंतीत दाबून धरलं. त्या दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या, टेप ताणली, आकडा मोठ्यानं वाचला आणि लिहिला. मग दुसरा कर्ण. पुन्हा ताणली, वाचला, पण लिहायला टेकवलेली पेन्सिल परत उचलली.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी टोकं बदलायला लावली. मी त्यांच्या जागी, त्या माझ्या जागी. पुन्हा दोन्ही मोजले. आकडे तेच आले. दोन कर्णांत जवळजवळ दीड फुटाचा फरक होता. खोली चौकोनी नव्हतीच. बाहेरचा रस्ता तिरका जातो, रस्त्याकडची भिंत त्याच्याबरोबर गेली होती आणि समोरची तिच्या मागोमाग. अख्खा हॉल हलक्या हातानं ढकलावा तसा एका बाजूला कलला होता.

सासूबाई त्या लांब भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावरून हात फिरवत शेवटपर्यंत चालत गेल्या. बोर्ड याच भिंतीला लागून ओळीनं असायचे, त्यांनी सांगितलं. म्हणजे लागून असायचे असं सगळ्या समजायच्या. सासूबाईंच्या टोकाला पेन्सिल बोर्डामागे पडली तर हात घालून काढता यायची. शेवटच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीचा हात मात्र तिच्या बोर्डामागे जायचाच नाही. तिची पेन्सिल पडली की गेलीच. म्हणून सगळ्या तिला जाडी म्हणायच्या. नाव जे पडलं ते रिटायर होईपर्यंत टिकलं. निरोपाच्या भाषणातसुद्धा साहेब जाडी म्हणाले होते.

"तिचे हात माझ्यासारखेच होते गं," सासूबाई म्हणाल्या. "भिंतच तिकडे जवळ होती. बिचारीला आम्ही जन्मभर चिडवलं."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्या हॉलच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि चारी कोपऱ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या, पहिल्यांदाच आल्यासारख्या. नोकरीचं सगळं आयुष्य त्या इथे बसल्या होत्या. इथली त्यांना रेघ अन् रेघ पाठ होती आणि त्यातली एकही खरी नव्हती. कंत्राटदाराचा माणूस घड्याळ बघत होता.

तिथून आम्ही थेट संस्थेत गेलो. मॅडमनी आकडे घेतले, समोरच हॉल पुन्हा काढला आणि तो शेजारच्या खोल्यांमध्ये सरकवला. बसला. बोळ बोळाच्या जागी, भिंत भिंतीच्या जागी. मॅडमनी शीटच्या कोपऱ्यात सासूबाईंचं नाव लिहिलं, मग माझ्याकडे वळून माझंही विचारलं. मी नको नको म्हणत होते, पण टेप दोघींनी धरली होती, असं त्या म्हणाल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या. सासूबाईंना सोमवारपासून टीममध्ये यायला सांगितलं, आणि पहिले सहा महिने त्यांचं प्रत्येक माप दुसरं कोणीतरी पुन्हा घेईल, हेही सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. एरवी असलं ऐकून त्या तणतणल्या असत्या.

घरी येताना रस्त्यातच त्यांनी जाडीला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण सासूबाई बराच वेळ फोन कानाला लावून नुसत्या चालत होत्या आणि डोळे पुसत होत्या. नणंदेला फोन माझ्या नवऱ्यानं केला. आरामखुर्चीचं काय करायचं यावर ते दोघं बराच वेळ बोलत होते.

संध्याकाळी शिकवणीची पोरं गेली आणि मी टेबल पुसत होते. सासूबाई आल्या. एका हातात टेप होती, दुसऱ्यात किल्ली.

"जरा टोक धरतेस?"

मी फडकं ठेवलं. त्यांनी कुलूप काढलं. खोलीत कोंदट वास होता. मधोमध पलंग, त्याच्याशेजारी स्टूल, स्टुलावर पाण्याचा रिकामा तांब्या. मी खिडकी उघडली. त्या दारातच थांबल्या होत्या. मग आत आल्या आणि आम्ही चार भिंती मोजल्या, खिडकी मोजली, कोनाडा मोजला. त्या आकडे सांगत होत्या, मी लिहीत होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी मी एका कोपऱ्यात जाऊन टेप दाबून धरली. त्या समोरच्या कोपऱ्यात गेल्या, आणि टेप पलंगाला अडली.

मी वाट बघत राहिले. वरून धरू या, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

"पलंग हलवायला हवा," त्या म्हणाल्या.

स्टूल बाजूला ठेवलं आणि दोघींनी मिळून पलंग भिंतीकडे सरकवला. खाली फरशीवर चार पायांचे चार काळे डाग होते, आणि त्यांच्या शेजारी तीन लहान डाग, स्टुलाचे. सासूबाई खाली बसल्या आणि ते सातही डाग भिंतीपासून किती लांब आहेत ते त्यांनी मोजून मला सांगितलं. मी सगळे लिहिले. मग दोन्ही कर्ण घेतले. त्यांच्यात सुतभरच फरक होता.

मी फ्रिजवरचा नकाशा काढून आणला आणि त्यांनी पलंगावर पसरून कोऱ्या जागेत रेघा मारल्या. प्रत्येक खोलीत तिचं नाव लिहिलेलं होतं, इथेही लिहायचं होतं. बाबांची खोली लिहू का, मी विचारलं.

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. पलंगाकडे पाहिलं, खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"आहे ते लिही," त्या म्हणाल्या. "रिकामी खोली."

मी लिहिलं. मग चहा टाकायला आत गेले आणि चहा घेऊन परत आले, तेव्हा सासूबाई पलंगावर भिंतीला पाठ टेकून, पाय वर घेऊन बसलेल्या होत्या.